एनआयटीत क्लीनरूम नाही, मग माझ्या रिसर्चचं काय?

पत्र थोडक्यात:

लिहिणारी ३३ वर्षांची केमिकल इंजिनिअर आहे, माहेर मिरजेचं. माटुंग्याच्या आयसीटीतून डिग्री, मग आयआयटीतून पीएचडी, आणि आता युरोपातल्या एका विद्यापीठात पोस्टडॉकचं (पीएचडीनंतरच्या संशोधनाचं) तिसरं वर्ष. विषय मायक्रोस्केल बायोसेपरेशन, म्हणजे प्रोटीन, अँटिबॉडी वगैरे थेंबभर द्रावणातून, केसाएवढ्या बारीक चॅनेलच्या चिपमध्ये वेगळं करायचं. समोर तीन वाटा आहेत. महाराष्ट्राबाहेरच्या एका एनआयटीत असिस्टंट प्रोफेसरची ऑफर, पुण्यातल्या एका बायोसिमिलर (मूळ जैविक औषधासारखंच औषध बनवणाऱ्या) कंपनीत प्रोसेस डेव्हलपमेंटची ऑफर (पगार जवळपास दुप्पट), आणि सध्याच्या बॉसने देऊ केलेली पोस्टडॉकची आणखी दोन वर्षं. नवरा पुण्यात आयटीत. एनआयटीला तीन आठवड्यांत कळवायचंय. तिचं म्हणणं असं, की एनआयटीत क्लीनरूम (चिप बनवायला लागणारी, गाळलेल्या हवेची जवळपास धूळविरहित लॅब) नाही, तिथे गेले तर माझं काम संपलं. कंपनीत गेले तर परतीची वाट बंद, आणि "एवढं शिकून शेवटी नोकरीच केली" हे ऐकावं लागणार. शिवाय केमिकलवाले मला बायोवाली समजतात आणि बायोवाले प्लंबर, त्यामुळे मी नक्की कोण हे इंटरव्ह्यूत सांगताच येत नाही. ताई, काय करू?

उत्तर:

शेवटी "काय करू" विचारलंयस खरं, पण त्याआधी उत्तर तू जवळपास ठरवूनच टाकलंयस. क्लीनरूम नाही म्हणून एनआयटी नको, कंपनी म्हणजे हार म्हणून ती नको, मग उरलं काय तर पोस्टडॉक. मला यातलं एकही पटलेलं नाही. आधी क्लीनरूमचं बोलू, कारण घोडं तिथेच अडलंय.

तुझ्या चिप पीडीएमएसच्या, म्हणजे पारदर्शक सिलिकोन रबराच्या आहेत म्हणतेस. मग आठवून बघ, महिन्यातले किती दिवस तू खरंच क्लीनरूमचा सूट घालून आत असतेस? सिलिकॉन वेफरवर (पातळ चकतीवर) एसयू-८ चा (प्रकाशाने घट्ट होणाऱ्या पॉलिमरचा) साचा करायला क्लीनरूम लागते, कबूल. पण एकदा साचा झाला की त्यातून ढिगाने चिप निघतात. बेस आणि क्युरिंग एजंट दहाला एक मिसळायचा, डेसिकेटरमध्ये (हवा ओढून घेतलेल्या भांड्यात) ठेवून बुडबुडे काढायचे, ६५-७० डिग्रीच्या ओव्हनमध्ये काही तास ठेवायचं, सोलून घ्यायचं, पंचाने भोकं पाडायची, प्लाझ्मा मारून काचेला चिकटवायचं, आणि यातलं काहीही धूळ न येणाऱ्या साध्या खोलीत होतं. हार्वर्डला व्हाइटसाइड्सच्या ग्रुपने १९९८ मध्ये ही पद्धत मांडली आणि मग ती जगभर पसरली ती याच सोयीमुळे, सगळ्यांकडे क्लीनरूम होत्या म्हणून नव्हे. राहिला साचा. त्याच्यासाठी आपल्याकडे इंडियन नॅनोइलेक्ट्रॉनिक्स युजर्स प्रोग्राम आहे, आयएनयूपी म्हणतात त्याला, आयआयटी बॉम्बे आणि बंगळुरूच्या आयआयएससीने सुरू केलेला. बाहेरच्या कॉलेजातल्या लोकांना ट्रेनिंग देतात, प्रपोजल मान्य झालं की तिथली फॅब (चिप बनवायची क्लीनरूम) वापरायला मिळते. एका वेफरवर तुझी चार-सहा डिझाइन बसतात, वर्षातून एखाद-दोन फेऱ्या मारल्यास की वर्षभराची बेगमी. फेरी मारायला विद्यार्थ्यालाच पाठव, तोही शिकेल.

तेव्हा क्लीनरूम ही अडचण आहे, पण तू समजतेस तेवढी मोठी नाही.

आता जरा टोचेल असं बोलते. तुझ्या पूर्ण पत्रात "माझी चिप" खूप वेळा आलीय आणि "माझा प्रश्न" एकदाही नाही. मिनिटाला १० मायक्रोलिटर चालते म्हणतेस ना ती, चल हिशेब करू. न थांबता चोवीस तास चालवली तर दिवसाला १४.४ मिली. पुण्याच्या त्या कंपनीत समजा पेशींकडून अँटिबॉडी बनवून घ्यायचा २००० लिटरचा बायोरिअ‍ॅक्टर आहे, तर त्यातली एक बॅच तुझ्या एका चिपमधून काढायला ३८० वर्षं लागतील. हजार चिप शेजारी शेजारी लावल्यास तरी साडेचार महिने, आणि तोपर्यंत ती अँटिबॉडी कशाला टिकतेय. पेपरच्या शेवटी आपण सगळेच "स्केल-अपला भरपूर वाव" असं लिहून मोकळे होतो, रेफरीही सवयीने सोडून देतात, पण एनआयटीच्या सिलेक्शन कमिटीत एखादा जुना प्लँट बघितलेला माणूस असला तर तो नेमकं इथेच बोट ठेवतो. तुझ्या इंटरव्ह्यूत तसं झालंच असणार, तू लिहिलंयस की "एका सरांनी थ्रूपुट विचारलं आणि मी गडबडले". गडबडायचं कारण नव्हतं. सरळ सांगायचं होतंस की सर, ही चिप माल काढायला नाहीचे, मोजायला आहे.

मोजायला म्हणजे काय, ते तुला माहितीये पण बाकी वाचणाऱ्यांसाठी सांगते. बीएसएसारखं (गाईच्या रक्तातलं) प्रोटीन नुसत्या डिफ्युजनने, म्हणजे आपोआप पसरत, १०० मायक्रॉन पार करायला साधारण ८० सेकंद घेतं आणि १० मायक्रॉन पार करायला एका सेकंदाहूनही कमी. अंतर दहापट घटलं की वेळ शंभरपट घटतो. म्हणून लहान जागेत सगळं पटापट स्थिरावतं, सँपल थेंबभर लागतं, महागडी रेझिन (प्रोटीन धरून ठेवणारे बारीक मणी) चिमूटभर पुरते, आणि एका दिवसात पन्नास कंडिशन बघून होतात ज्यांना मोठ्या कॉलमवर (रेझिन भरलेल्या नळकांड्यावर) महिने गेले असते. आणि बायोफार्मामध्ये शुद्धीकरणाचा खर्च बऱ्याच औषधांत एकूण उत्पादन खर्चाच्या निम्म्याच्या वर जातो, अँटिबॉडी पकडणारी प्रोटीन ए रेझिन तर नुसती खिसा कापते, त्यामुळे थोड्यावर मोजून मोठ्याचा अंदाज बांधणाऱ्या माणसाची गरज तिथे कायमची आहे. लंडनच्या यूसीएलमध्ये बायोकेमिकल इंजिनिअरिंगवाल्यांनी याच कल्पनेवर अख्खी शाळा उभी केली, अल्ट्रा स्केल-डाउन म्हणतात ते, काही मिली द्रावणावरून मोठा सेंट्रिफ्यूज कसा वागेल ते सांगायचं.

पण लहान कॉलम खोटंही बोलतो, आणि माझ्या मते तुझं करिअर इथे आहे. एक उदाहरण घे. बाजारात २०० मायक्रोलिटरचे तयार छोटे कॉलम मिळतात, पाच मिलिमीटर व्यासाचे. त्याला तू डिटेक्टरपर्यंत एक मीटर नळी जोडलीस, आतला व्यास पाव मिलिमीटर. त्या नळीतच जवळपास ५० मायक्रोलिटर बसतात, म्हणजे कॉलमच्या पाव भाग. लॅबमध्ये ती संपली म्हणून कोणीतरी ड्रॉवरमधली अर्ध्या मिलिमीटरची नळी लावली (लावतातच, मी बघितलंय), तर १९६ मायक्रोलिटर, कॉलमएवढीच नळी! मग पीक (डिटेक्टरवर दिसणारा प्रोटीनचा उंचवटा) पसरलेला दिसतो आणि सगळे रेझिनला दोष देत बसतात, ब्रेकथ्रू (रेझिन भरून प्रोटीन बाहेर पडू लागणं) लवकर आला म्हणून रेझिनची कपॅसिटी कमी लिहिली जाते, आणि तो आकडा पुढे मोठ्या कॉलमच्या डिझाइनमध्ये जातो. चिपमध्ये तर भिंतींचाही हिशेब आहे. १०० मायक्रॉनच्या चौकोनी चॅनेलमध्ये भिंतींवर प्रोटीन चौरस मीटरला नुसतं एक मिलिग्रॅम जरी चिकटलं तरी चॅनेलभर द्रावणातून मिलिलिटरला ०.०४ मिलिग्रॅम गायब. तुझं सँपलच ०.१ चं असेल तर जवळजवळ निम्मा माल भिंतीवर, आणि पीडीएमएस तर प्रोटीन ओढून घेण्यात तरबेज.

लहानावरचा आकडा मोठ्याबद्दल कधी खरं सांगतो, कधी फसवतो, आणि फसवत असेल तर दुरुस्ती किती करायची, हा प्रश्न आहे. हा प्रश्न घेऊन तू कुठेही जाऊ शकतेस. याला चिप लागेल तेव्हा चिप वापर, कॅपिलरी (केसासारखी बारीक नळी) पुरेल तेव्हा कॅपिलरी, आणि सुरुवातीला तर ९६ खणांची प्लेट, मल्टिचॅनेल पिपेट आणि प्लेट रीडर एवढ्यावर पहिला पेपर होतो. खणात थोडी रेझिन, वेगवेगळ्या पीएच आणि मिठाचं बफर, हलवायचं, गाळायचं, २८० नॅनोमीटरला वाचायचं. रोबोट नंतर. युरोपात तुमच्याकडे रोबोट आहे म्हणून विद्यार्थी विचार न करता चारशे पॉइंट मारतात, इथे हाताने साठ मारायचे असले की आधी डोकं चालवून साठ निवडावे लागतात, आणि मला विचारशील तर तो पेपर बरा निघतो.

"मी नक्की कोण" याचं उत्तर यातच आलं. मास ट्रान्सफर (पदार्थ कसा सरकतो) आणि अ‍ॅडसॉर्प्शन (तो पृष्ठभागाला कसा चिकटतो) कळणारी केमिकल इंजिनिअर, जिची सिस्टिम प्रोटीनची आहे. बस. इंटरव्ह्यूत ही एक ओळ बोल आणि पुढचं नळीचं उदाहरण फळ्यावर काढून दाखव. प्लंबर म्हणणाऱ्यांना म्हणावं हो, प्लंबिंगच चुकतं म्हणून तुमचे आकडे चुकतात.

आणि या विषयातली मोठी माणसं काही सरळ रांगेतून आलेली नाहीत. चाबा होर्वाथ घे, एचपीएलसीच्या (कॉलममधून द्रावण दाबाने ढकलून घटक वेगळे करायच्या पद्धतीच्या) आद्य लोकांमधले एक. हंगेरीत केमिकल इंजिनिअर झाले, १९५६ च्या उठावानंतर देश सोडला, जर्मनीत होक्स्ट कंपनीत नोकरी केली, त्यानंतर फ्रँकफर्टला १९६३ मध्ये पीएचडी, मग अमेरिकेत येलच्या मेडिकल स्कूलमध्ये काम आणि पुढे त्याच येलच्या केमिकल इंजिनिअरिंग विभागात प्रोफेसर. कंपनी, मेडिकल, केमिकल, सगळीकडे "हा कोणाचा" हा प्रश्न त्यांनाही पडला असेलच. आणि ज्या "चिपवर अख्खी लॅब" कल्पनेवर तुझं क्षेत्र उभं आहे ती १९९० मध्ये मांडली मान्झ, ग्राबर आणि विडमर यांनी, आणि तेव्हा ते कुठल्या विद्यापीठात नव्हते, बाझेलला सीबा-गायगी कंपनीत होते. मान्झ नंतर लंडनला इम्पीरियल कॉलेजात गेले. तेव्हा कंपनी म्हणजे हार वगैरे जे डोक्यात आहे ते काढून टाक, तुझ्या विषयाची सुरुवातच कंपनीच्या लॅबमध्ये झालीय.

पण म्हणून कंपनी घे असं म्हणत नाहीये मी. परतीची वाट बंद होते हे तुझं म्हणणं पूर्ण चूक नाही, अर्धं बरोबर आहे. आपल्याकडे सिलेक्शन कमिट्या पेपर मोजतात, आणि कंपनीत चार-पाच वर्षं काढलीस तर पेपर जवळपास थांबतात, कारण काम गोपनीय. तिथे जे शिकशील ते खरं सोनं असेल, रेग्युलेटरला उत्तर कसं देतात, बॅच फेल झाली की रात्री दोनला काय होतं, स्केल-अपचं दुखणं नेमकं कुठे असतं, पण हे बायोडेटाच्या तक्त्यात बसत नाही. एक-दोन वर्षांत परतलीस तर चालून जातं, पाच वर्षांनी परतायला मोठी ओळख किंवा मोठं पेटंट लागतं. तेव्हा कंपनीत जायचं तर कंपनीसाठी जा, "दोन वर्षं करू आणि मग बघू" म्हणून नको. आणि जायचंच असेल तर एचआरला आधी विचार की पेपर छापायला परवानगीची पद्धत काय आहे, कॉन्फरन्सला बोलू देतात का, आणि तुझं नाव पेटंटवर येतं का. उत्तर गुळमुळीत आलं तर समजून जा.

पोस्टडॉक वाढवणं मात्र मला साफ नामंजूर आहे. चौथ्या-पाचव्या वर्षी तू काय नवीन शिकणार, आणखी दोन पेपर, तेही बॉसच्या नावाने ओळखले जाणारे. उलट वय सरकतं. केंद्राच्या इन्स्पायर फॅकल्टी योजनेची सर्वसाधारण वयोमर्यादा ३२ आहे, ती तू ओलांडलीस, पण बायकांसाठी वयाची सवलत आहे का ते जाहिरातीत बघून घे. डीबीटीची (केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची) रामलिंगस्वामी री-एंट्री फेलोशिप परदेशात काम करणाऱ्या भारतीयांसाठी आहे, तिच्या अटी आताच, तिकडे असतानाच वाचून घे, विमानात बसल्यावर नको. हे तुझ्यासारख्या सगळ्यांनाच सांगते, पहिल्या पोस्टडॉकच्या दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीलाच या सगळ्या योजनांच्या वयाच्या आणि कालावधीच्या अटी एका कागदावर मांडा, लोक पेपर येईपर्यंत थांबतात आणि पेपर येईस्तोवर वय निघून जातं.

म्हणजे माझा कौल एनआयटीला. पण होकार कळवायच्या आधी या तीन आठवड्यांत थोडं काम करावं लागेल.

पहिलं, विभागप्रमुखांना फोन कर, मेल नाही, फोन. पद नियमित आहे की करारावरचं हे स्पष्ट विचार, कारण काही ग्रँटना नियमित पदच लागतं. पहिल्या वर्षी कुठले विषय शिकवायचे ते विचार. मास ट्रान्सफर किंवा सेपरेशनचा विषय मागून घे, तुझ्या रिसर्चचीच रोजची तालीम होते. नवीन माणसाच्या गळ्यात ड्रॉइंग आणि दोन लॅब मारायची पद्धत सगळीकडे आहे, त्यात एखादी लॅब हसत घे पण तीनही घेऊ नकोस. लॅबसाठी खोली कुठली, तिथे लाइट गेला तर बॅकअप आहे का, एसी आहे का, उणे ८० चा फ्रीजर विभागात नसेल तर बायोटेकवाल्यांकडे आहे का आणि ते देतील का. हे सगळं क्षुल्लक वाटतं पण तुझी अँटिबॉडी मे महिन्यात जनरेटर नसलेल्या इमारतीत खराब होते तेव्हा क्लीनरूमची आठवणसुद्धा येत नाही. सीड ग्रँट (लॅब सुरू करायला संस्था देते ते पैसे) किती, कधी मिळते आणि खर्च करायची मुदत काय, हेही विचार. जे तोंडी कबूल करतील ते नंतर "आपलं बोलणं झाल्याप्रमाणे" म्हणून मेलवर लिहून पाठव. उद्धटपणा नाही त्यात काही, विभागप्रमुख बदलतात.

दुसरं, ग्रँट. २०२३ च्या कायद्याने अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन आलं आणि संशोधनाला पैसे देणारं जुनं सरकारी मंडळ एसईआरबी त्यात गेलं, तर आता नवीन प्राध्यापकांसाठीची प्राइम मिनिस्टर अर्ली करिअर रिसर्च ग्रँट त्यांच्याकडे आहे. अर्ज कधी आणि कोणत्या वयापर्यंत करता येतो त्या अटी आताच वाच, आणि पहिल्या सेमिस्टरला "आधी सेटल होते" म्हणत बसू नकोस. प्रपोजल आताच लिहायला घे, युरोपातल्या लायब्ररीचा अ‍ॅक्सेस आहे तोवर. आणि प्रपोजलमध्ये चिप विकू नकोस, नळीचं उदाहरण पहिल्या पानावर टाक. वाचणारा केमिकलचा असो की बायोचा, त्याला कळेल.

खरेदीबद्दल एवढंच सांगते की सगळं सरकारी खरेदीच्या नियमांनी आणि कोटेशनवरून जातं, परदेशी सिरिंज पंप यायला महिने लागतात, म्हणून पहिल्या यादीत ज्याच्यावाचून काम सुरूच होत नाही तेवढंच ठेव. प्लेट रीडर दुसऱ्या विभागात असेल तर विकत घेऊ नकोस, चहा पाज आणि वापर.

विद्यार्थी हा मोठा विषय आहे. तिथे पहिली पीएचडीची मुलगी किंवा मुलगा मिळेपर्यंत एमटेकची मुलं असतील, आणि त्यांच्याकडे प्रोजेक्टला जेमतेम वर्षभर असतं. चिप बनवायला शिकण्यातच त्यांचं निम्मं वर्ष जातं, म्हणून त्यांना प्लेटचं आणि छोट्या कॉलमचं काम दे, जे पहिल्या महिन्यापासून आकडे देतं. बीटेकच्या मुलांकडून नळ्या, कनेक्टर, डिटेक्टरमधलं डिस्पर्शन (प्रवाहात सँपल किती पसरतं ते) मोजून घे. रंगीत पाणी आणि एक स्पेक्ट्रोफोटोमीटर, खर्च काहीच नाही, आणि त्यातूनही पेपर निघेल कारण हे कोणी नीट मोजून छापतच नाही. चिप स्वतःकडे ठेव, पीएचडीचा विद्यार्थी येईपर्यंत.

तिसरं, आणि हे करच, पुण्याच्या त्या कंपनीला नकार देताना नुसता नकार देऊ नकोस. ज्यांनी तुझा इंटरव्ह्यू घेतला त्यांना लिही की मी एनआयटीत जातेय, तुमच्याकडे छोट्या कॉलमवरचा आकडा मोठ्याला लागू पडत नाही अशी एखादी अडचण असेल, तर गोपनीय मॉलिक्यूल न देताही ती माझ्याकडे एमटेक प्रोजेक्ट म्हणून देता येईल. ते तुला हो म्हणतीलच असं नाही, बहुतेक "बघू" म्हणतील. पण पुण्याच्या आसपास बायोसिमिलर आणि लसींवाल्यांची संख्या चांगली आहे, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या (एनसीएल) आवारात व्हेंचर सेंटर आहे, तिथे छोट्या बायो कंपन्या असतात ज्यांच्याकडे स्वतःची सेपरेशनची माणसं नसतात. सहा महिन्यांतून एकदा तिकडे चक्कर मारलीस तर खरे प्रश्न मिळतील, आणि नवऱ्याला भेटणंही होईल.

हो, नवरा. त्याच्याबद्दल तू एकच वाक्य लिहिलंयस, "तो म्हणतो तुला जे योग्य वाटेल ते". हे वाक्य मला फारसं आवडत नाही, म्हणजे माणूस चांगला असेल, पण यात त्याचं मत कुठाय? तो वर्क फ्रॉम होम घेऊ शकतो का, किती दिवस, दोन घरांचं भाडं, मूल हवं असेल तर कधी आणि तेव्हा कोण कुठे असेल, आई मिरजेत एकटी आहे तर एनआयटीच्या गावाहून मिरजेला पोचायला किती तास, हे सगळं बसून आकड्यांत बोला. दोन वर्षांनी महाराष्ट्रातल्या एखाद्या संस्थेची जाहिरात आली तर अर्ज करायचा हेही आताच ठरवून टाकता येतं, लोक करतात, त्यात गद्दारी नाही. आणि हे सगळं बोलून झाल्यावर पुण्यातच राहायचंय असं दोघांचंही मत पडलं, तर कंपनी घे आणि मान वर करून घे. मग माझा कौल बाजूला ठेव. "एवढं शिकून नोकरीच केली" म्हणणाऱ्या नातेवाइकांना एनआयटीतली प्राध्यापकी ही पण नोकरीच असते हे माहीत नसतं.

आता बॉस. तू लिहिलंयस की चिपचं डिझाइन "तसं त्यांचंच आहे". हे धूसर ठेवू नकोस. निघायच्या आधी त्यांच्याशी तासभर बसून बोल, की यातलं काय मी पुढे नेऊ शकते आणि काय तुमच्या ग्रुपमध्येच राहणार. बहुतेक बॉस याला चांगलं उत्तर देतात, निदान विचारलंस म्हणून. स्केल-अपच्या खरेपणाचा प्रश्न तुझा, चिपचा विशिष्ट आकार त्यांचा, अशी वाटणी झाली तर तुझ्यासाठी ती उत्तमच, कारण दहा वर्षांनी तुला कोणी "अमुकच्या ग्रुपची ती" म्हणणार नाही. बोलणं झालं की दोन ओळींचा मेल टाकून ठेव.

आणि येताना सामानात साचे आणायचा विचार करतेयस ना, तो कर, पण गुपचूप बॅगेत घालून नको. साचे, रेझिन, प्रोटीनचं सँपल यांच्यासाठी मटेरियल ट्रान्सफर अ‍ॅग्रीमेंट लागतं, तुमच्या विद्यापीठात त्याचं वेगळं ऑफिस असेल, त्याला आठवडे लागतात म्हणून उद्याच फॉर्म माग. प्रोटीन थंड ठेवून आणायची भानगड तर करूच नकोस, बीएसए आणि लायसोझाइम इथे सहज मिळतं, पहिलं वर्षभर त्यावर काम होतं. पाव मिलिमीटरची नळी आणि फिटिंग मात्र स्वतःच्या पैशांनी विकत घेऊन, बिल सोबत ठेवून, जरा जास्तच आण.